मीटरमागे चार बोटं

हरलेल्या बाजूला इतक्या निष्ठेने चिकटून राहिलेला माणूस आमच्या साडूंखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. निवडणुकीत पडणाऱ्या पक्षाच्या मागे उभी राहणारी माणसं असतात, पण त्यांना निदान पुढच्या निवडणुकीची आशा असते. आमचे साडू मीटरच्या मागे उभे होते. मीटर, लिटर, किलो आणि सेल्सियस ही त्यांची दैवतं. फूट, गॅलन, पौंड आणि तोळा हे राक्षस. आणि पोटापाण्यासाठी नशिबाने त्यांना अशा देशात आणून टाकलं होतं, जिथे देव आणि राक्षस एकाच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होते आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मी तेव्हा शारजात रोल्ल्याला राहायचो, ते दुबईच्या हद्दीत अल कुसैसला. माझी बायको धाकटी, त्यांची थोरली, म्हणून ते मानाने माझ्यापेक्षा मोठे. एका बांधकाम कंपनीत ते क्वांटिटी सर्व्हेअर होते, म्हणजे किती वीट, किती सळी, किती काँक्रीट याचं माप काढणं हाच त्यांचा धंदा होता. धंदाच मापाचा असल्यामुळे त्यांना दुःखही चोवीस तास पुरायचं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. अमिरातीत तेव्हा रस्ता किलोमीटरमध्ये होता आणि पेट्रोल गॅलनमध्ये. दूध लिटरने मिळायचं आणि पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली गॅलनची यायची. इमारत मीटरने उंच व्हायची, तिच्यातल्या फ्लॅटची जाहिरात चौरस फुटांत लागायची, आणि त्या फ्लॅटमधला एसी टनावर विकला जायचा. आम्ही बाकीचे यात सुखाने नांदत होतो, कारण दिरहमचे रुपये करण्यात आमचं डोकं इतकं गुंतलेलं असायचं की दुसरं काही गुणायला त्यात जागाच उरत नसे. साडू मात्र रोज सकाळी नव्याने दुखावले जायचे. माझ्या ऑफिसात नागपूरचा एक नवा माणूस आला होता, त्याला मी एकदा त्यांच्या गाडीतून नेलं. त्या बिचाऱ्याने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, गाडी ॲव्हरेज किती देते?" साडूंनी गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि मागे वळून म्हणाले, "हा काटा मोजतो किलोमीटर. पंपावर देतात ते दुसऱ्याच मापाने. आता तुम्हीच सांगा, मी कशाला कशाने भागू?" तो माणूस नंतर त्यांच्या गाडीत बसला नाही.

'दुसऱ्याच मापाने' असं ते म्हणाले, कारण गॅलन हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. पंपावर ते एकच शब्द बोलायचे: "फुल." टाकी अर्धी असो, पाऊण असो, सकाळीच भरलेली असो, "फुल." पंपावरच्या केरळी माणसाला वाटायचं हे साहेब कुठेतरी लांब वाळवंटात कामाला जात असणार. तो एकदा मला हळूच विचारत होता, "साब सालाला जाता है क्या?" सालाला म्हणजे पार ओमानच्या टोकाला. मी म्हटलं, नाही रे बाबा, अल कुसैसला जातात.

घरी तर ताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कसोटी होती. पोळी लाटली की तिच्या व्यासावर शेरा यायचा. रोल्ल्याच्या दुकानात टीव्ही घ्यायला गेले तेव्हा मी सोबत होतो. साडूंनी काउंटरवर सांगितलं, "त्रेपन्न सेंटिमीटरवाला दिखाओ." विक्रेत्याने मालकाला बोलावलं, मालकाने गोडाऊनमधल्या माणसाला बोलावलं, तिघांनी आपसात मल्याळममध्ये चर्चा केली, आणि शेवटी मालकाने एकवीस इंची सेटवर हात ठेवून विचारलं, "ये चाहिए, साब?" साडू म्हणाले, "होगा. मैंने त्रेपन्न बोला था." त्यांची मुलगी मागे उभी होती. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ टीव्ही." माझ्या धाकट्याला एकदा रात्रभर ताप होता, तेव्हा बायकोने घाबरून त्यांना फोन केला. ते आले, काखेत त्यांचा थर्मामीटर लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "एकोणचाळीस." एकोणचाळीस हा आकडा इतका लहान वाटला की बायकोचा जीव भांड्यात पडला आणि ती चहा टाकायला गेली. त्यांचे पँटचे पाय नेहमी आखूड असायचे, कारण शिंप्याची टेप उलटी धरायला लावून ते सेंटिमीटरमध्ये माप द्यायचे आणि तो शिंपी त्यांच्या पाठीमागे आपल्या सोयीने त्याचे इंच करायचा. तरी त्यांनी शिंपी बदलला नाही. "माप बरोबर आहे," ते म्हणायचे. "शिवण्यात काहीतरी होतंय." चार माणसांत तो आखूड पँटचा माणूस स्टीलची टेप खिशात घालून असा काही उभा राहायचा, की एखाद्या नव्या माणसाला वाटावं, आता हा इथे काहीतरी बांधायला घेणार.

या सगळ्या दुःखाचं मूळ मात्र अमेरिकेत होतं. अमेरिकेला ते कधी गेले नव्हते, त्यांचं तिथे कुणी नव्हतं, पण तिथल्या एका कायद्याचं त्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटायचं. तिथल्या सरकारने म्हणे एकदा मीटर आणायचा ठरवलं, कायदा केला, मंडळ नेमलं, आणि त्याच कायद्यात म्हटलं की हा बदल ऐच्छिक राहील. काही वर्षांनी दुसरं सरकार आलं आणि त्याने खर्च वाचवायचा म्हणून ते मंडळच बंद करून टाकलं. 'ऐच्छिक' हा शब्द साडू असा उच्चारायचे, की लहान मुलं खोलीत असतील तर ताई त्यांना दुसरीकडे पाठवायच्या. "ज्याची त्याची मर्जी," ते म्हणायचे, "अहो, मर्जीने कुणी मोजतं का? मर्जीने मोजायचं तर माप कशाला हवं?" याचं राजकारणही त्यांनी मला एकदा समजावलं होतं. जुनं माप आजच्या माणसांच्या हातात बसलेलं असतं आणि मत त्यांनाच असतं. नवं माप सोपं जाणार असतं उद्याच्या मुलांना, आणि त्यांना मत नसतं. म्हणून पुढारी भाषण मीटरचं करतात आणि निवडणूक फुटात लढवतात. "तिथे सोडलं, म्हणून इथे रुजलं नाही," असा त्यांचा सिद्धांत होता. त्यात कितपत तथ्य होतं मला माहीत नाही, पण शारजाच्या जॅममध्ये तासभर अडकलेल्या माणसाला कुठलाही सिद्धांत पटतो.

अशा वेळी त्यांना आधार एकच होता, आपला देश. "आपण करून दाखवलं," हे वाक्य दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, एकदा यायचंच. आणि आपण म्हणजे फार लांबचं कुणी नव्हे, तर त्यांचे वडील, अण्णा. देशात दशमान पद्धत आली तेव्हा अण्णा कोकणात वजनमापांचे निरीक्षक होते. पितळी वजनांची पेटी आणि लाकडी मीटरपट्टी घेऊन ते होडीने, बैलगाडीने, पायी, गावोगावच्या बाजारांत जायचे. शेर, पायली, रत्तल जप्त करायचे आणि लोकांना नवं माप शिकवायचे. अल कुसैसच्या घरात त्यांचा फोटो होता. कोट, टोपी आणि हातात ती मीटरपट्टी. देवांच्या हातात जसं एकेक शस्त्र असतं तशी ती दिसायची. साडू सांगायचे, "अण्णांच्या तालुक्यात एक दुकान शेरावर उरलं नाही. एक नाही. काठी न उगारता." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मी अमेरिकेचा विषय मुद्दाम लांबवत न्यायचो, म्हणजे शेवटी अण्णा येतील.

मग एक दिवस त्यांची वेळ आली. हळूहळू सगळं मीटरवर जाणार अशी हवा त्या सुमाराला बांधकामाच्या धंद्यात होती. कंत्राटदार, कन्सल्टंट आणि माल पुरवणारे यांनी मिळून आपसात एक कमिटी केली आणि कंपनीने साडूंना त्यावर पाठवलं. त्या महिन्यात त्यांच्या पँटचे पायसुद्धा मला लांब वाटले. कमिटीचे अध्यक्ष एक वयस्क अमिराती गृहस्थ होते, अतिशय सभ्य. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की माझे आजोबा मोत्यांसाठी समुद्रात जायचे, दोरी हातांनी मोजून समुद्र किती खोल ते सांगायचे, आणि मोती तरीही सापडायचे. मग हसून म्हणाले, पण काळ बदलला आहे, आपण बदलू, इन्शाल्ला. साडूंना ते इतके आवडले की घरी येऊन त्यांनी ताईंना त्यांच्यासाठी नारळाच्या वड्या करायला लावल्या.

बदलायला सगळे तयार होते. तेच भयंकर होतं. इंग्रज कन्सल्टंट म्हणाला, आमच्या देशात आम्ही बांधकाम कधीच मीटरवर नेलंय, फक्त रस्त्यावरचा मैल आणि बिअरचा ग्लास तेवढा ठेवलाय. अमेरिकन एसीवाला म्हणाला, माझा पाठिंबा आहे, पण टनाला हात लावू नका. पाइप पुरवणारा लेबनीज म्हणाला, "हबीबी, आय ॲम फॉर मेट्रिक. बट पाइप इज इंच. होल वर्ल्ड, पाइप इज इंच." प्लायवूडचा सिंधी व्यापारी हात जोडून म्हणाला, "आठ बाय चार मेरे बाप ने बेचा, मैं बेचता हूँ. सबका कर दो, मेरा लास्ट में करना." प्रत्येकाला मीटर हवा होता, आपला माल सोडून. अशा कितीतरी बैठका झाल्या. शेवटच्या बैठकीत पाण्याच्या टाक्यांचा विषय निघाला. गॅलनचे लिटर करायचे यावर एकमत होतं, पण गॅलन कुठला, इंग्रजांचा की अमेरिकेचा? इंग्रजांचा मोठा, अमेरिकेचा लहान. दोघं साहेब इतके तापले की लिटर हा शब्द त्या दुपारी पुन्हा कुणी उच्चारलाच नाही. साडू मध्ये बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. ज्यांना जन्मभर शत्रू मानलं ते त्यांच्यासमोर आपसात लढत होते, आणि दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी हरणार साडूच होते. अखेर अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "खलास. यल्ला, लंच." ठराव झाला: मीटर पद्धत तत्त्वतः मान्य, अंमलबजावणी ऐच्छिक. त्यानंतर कमिटी पुन्हा बसली नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि नुसते बसून राहिले. बायकोला वाटलं, इंडियातून काही वाईट फोन आला. शेवटी म्हणाले, "विरोध कुणीच केला नाही हो, साडूभाऊ. विरोध केला असता तर मी भांडलो असतो. सगळे हो म्हणाले." मी त्यांना सरबत दिलं. ते ग्लासाच्या पातळीकडे बघत राहिले. मग दर वेळेसारखं म्हणाले, "आपण करून दाखवलं होतं. अण्णांनी करून दाखवलं होतं." पण त्या दिवशी मला ते विनोदी वाटलं नाही. माणसाकडे शेवटी एवढंच उरलेलं असलं, की तो ते पुन्हा पुन्हा मोजून पाहतो.

आता ताईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर येऊन ठेपलं. लग्न होऊन अमिरातीत आल्यापासून ताईंनी दोन कुटुंबांत वाटलेला फ्लॅट सोडून दुसरं घर पाहिलं नव्हतं. हॉल दुसऱ्या कुटुंबाचा, बेडरूम यांची, स्वयंपाकघरातलं एक कपाट यांचं, एक त्यांचं. पाहुणे आले की आम्ही पलंगावर ओळीने बसायचो. साडूंनी अण्णांच्या गावी, खाडीकाठच्या अण्णांच्याच जागेवर, घर बांधायला काढलं तेव्हा ताईंनी एकच गोष्ट मागितली: हॉल. आणि हॉलच्या मोठ्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये फट न ठेवता, लाकडी वॉल युनिट. मध्ये टीव्ही, त्याच्यावर अण्णांचा फोटो, दोन्हीकडे काचेची कपाटं, आणि त्यात इतकी वर्षं खोक्यात ठेवलेले कपबशांचे सेट. घराचा नकाशा साडूंनी स्वतः काढला, मिलिमीटरमध्ये, आणि गावच्या गवंड्याला पाठवला. त्याच नकाशावरून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका पाकिस्तानी सुताराकडून ताईंनी ते युनिट बनवून घेतलं. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर जागा सोडायची, असं साडूंनी त्याला बजावलं होतं. "हवा खेळायला पुरे," ते म्हणाले. तयार युनिट सुटं करून सुताराच्याच शेडमध्ये ठेवलं होतं, मे महिन्यात कंटेनर जायचा होता. ताई महिन्यातून एकदा तिथे जाऊन फळ्यांवरून हात फिरवून यायच्या. गावाहून घराचे फोटो आले की त्या भिंतीचा फोटो त्यांच्या पर्समध्ये जायचा. फोटोत घर फार सुंदर दिसायचं. फोटोवरून माप मात्र कुणालाच घेता येत नाही, साडूंनाही नाही.

मुलीची बारावी होती, म्हणून वास्तुशांत मेमध्ये करायची ठरली आणि त्याआधी एकदा सगळं नजरेखालून घालायला साडू एकटेच गावी गेले. परत आले तेव्हा मला ऑफिसातून घ्यायला आले. आपणहून. दुबईतून निघालो आणि शारजाच्या वाटेवर नेहमीसारखे अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला कामगारांची बस, तिच्या खिडक्यांना टेकून झोपलेली माणसं. साडूंनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि समोर बघत म्हणाले, "घर लहान आहे."

मी म्हटलं, "लहान म्हणजे?"

"हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो तर कुणीतरी जवळ येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर कुणी नव्हतं. भिंती होत्या. टेप काढली. मीटरमागे चार बोटं कमी. मग स्वयंपाकघर मोजलं, मोरी मोजली, पडवी मोजली. जिथे मोजावं तिथे मीटरमागे चार बोटं कमी. चूक असती तर एका भिंतीत असती हो. ही चूक नाही. गवंड्याने मनापासून, प्रामाणिकपणे, सगळं घर सारखंच लहान बांधलंय."

गवंडी म्हातारा, गावातला नावाजलेला. साडूंनी त्याला विचारलं, बाबा, नकाशावर मीटर लिहिले होते, तुम्ही मीटर म्हणजे काय धरलंत? तो म्हणाला, "काय धरनार? मीटर म्हंजे तीन फूट." साडू म्हणाले, तीन फूट नाही, वर आणखी आहे. गवंडी म्हणाला, "हाय की. पन तो वरचा धरत नाय कोन. तुमच्या अण्णांनीच सांगितलानी होता आमच्या बापाला."

एवढं सांगून साडूंनी गिअर टाकला. शेजारची बस हातभर सरकली, आम्हीही हातभर सरकलो.

मग त्यांनी गवंड्याकडून ऐकलेली गोष्ट मला सांगितली. अण्णा पहिल्यांदा मीटरपट्टी घेऊन गावच्या बाजारात आले तेव्हा गाव बिथरलं होतं. कापडवाल्याने उठवून दिलं होतं की हे सरकारचं लुबाडायचं नवं माप आहे. सुतार, गवंडी, गिऱ्हाईक, सगळे जमले, कुणी पट्टीला हात लावीना. अण्णांना पुढच्या गावी जायचं होतं, वरून विचारणा होत होती. तेव्हा ते देवळाच्या पायरीवर चढले आणि म्हणाले, "अरे, घाबरता कशाला? मीटर म्हणजे आपले तीन फूटच. वर थोडं जास्त आहे ते सरकारकडून फुकट." लोक हसले. कापडवाला हसला. त्या दिवशी गावाने मीटर घेतला. एक माणूस आडवा आला नाही. गवंड्याच्या बापाने ते पाठ केलं आणि आपल्या पोराला शिकवलं, आणि त्या पोराने म्हातारपणी अण्णांच्या मुलाचं घर त्या मापाने बांधलं.

"सगळे हो म्हणाले," साडू म्हणाले. "तिथेही सगळे हो म्हणालेच. मी उगाच त्या लेबनीजला नावं ठेवत होतो. त्याने पाइपचा इंच ठेवला, अण्णांनी फूट ठेवला आणि नाव मीटर दिलं. आणि मी जगभर सांगत फिरलो, आपण करून दाखवलं."

मी म्हटलं, ताईंना सांगा ना, गवंडी चुकला म्हणून. त्यांनी मान हलवली. "ही आपल्या भावाला पाठवील. तो गवंड्याला चार माणसांत उभा करील. आणि गवंडी सांगायचं तेच सांगेल. मग गावात काय राहील अण्णांचं?" मला रोल्ल्याला उतरवताना एवढंच म्हणाले, "तुम्ही हे कुणाला सांगायचं नाही."

पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले तेव्हा ताई दारातूनच बोलत आल्या. "ऐकलंत का? ह्यांचं माप चुकलं. नकाशावरून युनिटचं माप काढताना ह्यांनी गुणाकारच चुकवला. युनिट भिंतीत बसत नाही." साडू मागे उभे होते, चपला काढत. त्यांच्या मुलीचा विश्वासच बसेना. "बाबा? इन मेजरमेंट? नो वे." साडू म्हणाले, "होतं कधी कधी, बाळा." मग जेवताना, नंतर सुपारी कातरताना, आणि पुढे कितीतरी शुक्रवार, जो येईल तो त्यांना टोचून गेला. कुणी विचारायचं, साहेब, माझ्या शर्टाचं माप घेता का? कुणी म्हणायचं, अहो, ऐच्छिक माप होतं ते. ज्या माणसाने इतकी वर्षं आमच्या प्रत्येक फुटाला आणि तोळ्याला दुरुस्त केलं, तो खाली मान घालून वरणभात कालवत राहायचा. मी उठून पाणी आणायला जायचो.

युनिट कापायला आम्ही सुताराच्या शेडमध्ये गेलो, साडू, ताई आणि मी. सुताराने दोन्ही टोकांच्या फळ्या टेबलावर घेतल्या, करवत लावली आणि विचारलं, "कितना काटूँ, साब?" साडूंनी खिशातून टेप काढली. थोडी ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि सोडून दिली. ती सर्रकन आत गेली. मग त्यांनी फळीच्या टोकावर अंगठा ठेवला, पंजा ताणला आणि करंगळी टेकली तिथे बोट दाखवलं. एक वीत. दुसऱ्या टोकालाही तसंच. "इतना," ते म्हणाले. सुतार त्यांना चांगला ओळखत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर उभ्या असलेल्या पिकअपकडे बघायला लागलो.

करवत चालली होती तेव्हा ताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आवाजात आवाज मिसळून हळूच म्हणाल्या, "ह्यांचा गुणाकार चुकतो होय? माझ्या पोळीत अर्धा सेंटिमीटर चुकला तर ह्यांना कळायचं. कुणावर तरी पांघरूण घालतायत." त्यांनी पदराने डोळ्यांत गेलेला भुसा पुसला. "कुणावर, ते मी विचारणार नाही. बोलतील त्यांना वाटेल तेव्हा. मी थट्टा केली नाही तर लोकांना संशय येईल, म्हणून करते." मग पुढे जाऊन त्यांनी कापलेल्या फळीवरून हात फिरवला आणि सुताराला म्हणाल्या, "बीचवाला मत काटना. उधर फोटो लगेगा." फोटो अण्णांचा; पांघरूण कुणावर, हे त्या ओळखून होत्या, म्हणूनच आज हे लिहायला मी मोकळा आहे. त्या घरात माझ्याकडून कुणाला नव्याने कळण्यासारखं काही उरलेलं नाही.

पुढे काही वर्षांनी, नोकरी संपवून, साडू कायमचे गावी गेले. मी सुट्टीत त्यांच्याकडे राहून आलो. घर छान आहे. हॉलमध्ये उभं राहिलं की भिंती खरंच जवळ येऊन उभ्या राहतात, पण सवय होते, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर तर त्या जवळिकीचं बरंच वाटतं. युनिट बरोबर बसलंय. मध्ये अण्णा आहेत, हातात मीटरपट्टी. साडूंच्या खिशात टेप दिसली नाही. मी विचारलंही नाही.

निघायच्या दिवशी ते मला स्कूटरवरून स्टँडवर सोडायला आले. वाटेत पेट्रोल पंप होता. मी मागे बसून वाट बघत होतो, कारण अमिरातीत जन्म घालवून ज्या एका शब्दासाठी हा माणूस तरसला, तो इथे त्यांना मोकळेपणाने, मोठ्याने, पाहिजे तितक्यांदा म्हणता येणार होता. इथे पेट्रोल लिटरनेच मिळतं. पंपावरच्या माणसाने झाकण उघडलं आणि नळी हातात घेऊन विचारलं, "किती टाकू, काका?" साडूंनी खिशातून नोट काढली, त्याच्या हातात दिली आणि गावातल्या सगळ्यांसारखंच म्हणाले, "शंभरचं टाक."